तीन मिलिमीटर

बीडमध्ये आज स्वतःचा दवाखाना थाटून बसलेल्या डॉक्टरांपैकी दहा-बारा तरी महारुद्र अप्पांच्या कुजबुजीवर बारावीचं प्रॅक्टिकल पास झालेले आहेत. दवाखान्याच्या पाटीवर हे कुणी लिहीत नाही, आणि अप्पा स्वतःहून सांगणाऱ्यांतले नव्हेत. पण बोर्डाच्या परीक्षेत पोरगं घामाघूम होऊन लंबकाकडे बघत बसायचं, परीक्षक चहाला गेलेले असायचे, आणि टेबल पुसता पुसता अप्पा त्याच्या कानाशी म्हणायचे, "चाळीस पॉइंट एक लिही. पुढच्याला चाळीस पॉइंट दोन. सगळे सारखे लिहू नको, सापडशील." सगळं कॉलेज त्यांना रीडिंगवाले अप्पाच म्हणायचं.

अप्पा दहावी पास. तलवाड्याच्या लिंगायत वाण्याच्या घरातले. दुकानाच्या गल्ल्यावर थोरला भाऊ बसला, म्हणून धाकट्याने बीड गाठलं आणि एका ज्युनिअर कॉलेजच्या फिजिक्सच्या लॅबमध्ये परिचर म्हणून लागला, तो पस्तीस वर्षं तिथेच राहिला. दुकानातून त्यांनी एकच गोष्ट बरोबर आणली होती. तराजूचा काटा मध्यावर येऊन थांबल्याशिवाय हात काढायचा नाही, ही वडिलांची शिस्त.

लॅबच्या भिंतीवर पाच फोटो होते. गॅलिलिओ, न्यूटन, फॅरडे, मेरी क्युरी आणि रामन. दर मंगळवारी अप्पा त्यांच्या काचा पुसायचे. सरांची लेक्चरं दारात उभं राहून ऐकून ऐकून त्यांना या पाचांची कुंडली पाठ झाली होती. मेरीबाईंनी गळक्या शेडमध्ये वर्षानुवर्षं खनिजाच्या कढया ढवळल्या, हे त्यांना भारी वाटायचं. पण जीव होता तो फॅरडेवर. पुस्तकं बांधणारा पोरगा, नंतर लॅबमध्ये मदतनीस, बाटल्या धुणारा. "ह्यो आपल्यातला हाय," असं ते उमाबाईंना सांगायचे. खंडेनवमीला लॅबमधल्या यंत्रांना विभूती लावायची, पाचही फोटोंना झेंडूचा हार घालायचा, आणि फॅरडेच्या हारात दोन फुलं जास्त.

आता आपल्याकडच्या लॅबची एक रीत सांगायला हवी. उत्तर आधी ठरलेलं असायचं आणि रीडिंग मागून यायचं. लंबकावरून पृथ्वीची ओढ काढायच्या प्रयोगात जुन्या पुस्तकातलं उत्तर नऊशे एक्क्याऐंशी. पोरांनी इमानेइतबारे मोजलं की यायचं नऊशे अठ्ठ्याहत्तर, कधी नऊशे एकोणऐंशी. सर लाल रेघ मारायचे. दोन रेघा पडल्या की पोरं शहाणी व्हायची आणि उत्तरावरून उलटं मोजत रीडिंग बसवायची. वर्षामागून वर्षं शेकडो पोरांचं उत्तर एकाच बाजूला चुकत होतं, आणि ते सगळे एकाच बाजूला का चुकतात, हे एकाही शहाण्याने विचारलं नाही. साहेब म्हणतील ती पूर्व दिशा.

अप्पांनी मात्र एकदा विचारलं, आणि ते त्यांना फार महागात पडलं.

ही सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी विभागप्रमुख विजयसिंह सरांनी अप्पांना सेकंदाचा लंबक तयार करायला सांगितला. इकडून तिकडे जायला बरोबर एक सेकंद, तिकडून परत यायला एक. पुस्तकात दोऱ्याची लांबी दिलेली होती, नव्व्याण्णव पॉइंट चार सेंटिमीटर. अप्पांनी तेवढी घेतली, स्टॉपवॉच लावलं, आणि अर्ध्या तासात लंबक जवळपास अडीच सेकंद मागे पडला. परत मोजला. परत अडीच सेकंद. वाण्याच्या पोराला काटा एवढा हललेला चालत नाही. शनिवारी त्यांनी पितळेचा गोळा रुमालात बांधला आणि घरी आणला.

पेठेत दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं, छताच्या तुळईला पाळण्याची कडी होती. मूल होईल म्हणून घरमालकिणीने दाखवून दिलेली ती कडी. तिला पाळणा कधी लागला नाही. त्या रविवारी दुपारी अप्पांनी तिथे लंबक टांगला. अडचण एवढीच होती की घड्याळावर डोळा ठेवायचा तर झोके कोण मोजणार?

"मी मोजते की," उमाबाई म्हणाल्या.

उमाबाई चौथी शिकलेल्या, पण डोकं साफ. जाऊन-येऊन एक झोका, असे अर्ध्या तासाचे नऊशे झोके तोंडाने मोजताना जीभ अडखळते, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं. उठल्या, चिंचोके आणले, नव्वद मोजून डाव्या मांडीशी ढीग केला. दहा झोके झाले की एक चिंचोका उजवीकडे. डावा ढीग संपला की "झालं" म्हणायचं आणि अप्पांनी घड्याळ दाबायचं. मधे दार वाजलं, शेजारीण साखर मागायला आली, उमाबाईंनी नजर न हलवता बोटाने डबा दाखवला. नव्व्याण्णव पॉइंट चारला अडीच सेकंद मागे. अप्पांनी दोरा केसभर, केसभर आखूड केला. चार रविवार गेले. नव्व्याण्णव पॉइंट एकला लंबक आणि घड्याळ एका दमात चालले. तीन मिलिमीटरचा फरक.

"पुस्तकाचं चुकलं असंल," उमाबाई म्हणाल्या.

"पुस्तकाचं कसं चुकंल? न्यूटननं काढलेलं हाय ते."

"न्यूटन कवा बीडला आलता?"

अप्पा पोट धरून हसले. इतकं खरं बोलणं समोर आलं की माणूस हसतो, त्याला इलाज नाही. ते चार रविवार त्यांच्या संसारातले सगळ्यात सुखाचे होते, असं अप्पा आज म्हणतात. तेव्हा ते कळलं नव्हतं.

सोमवारी ते स्टाफरूममध्ये गेले. विजयसिंह सर गेवराईकडच्या बागायतदार घरातले, आवाज असा की कॉरिडॉरच्या टोकाला पोरं सरळ उभी राहायची. अप्पांनी टाचा जुळवून सांगितलं, "सर, नव्व्याण्णव पॉइंट चारला लंबक मागं पडतोय. पॉइंट एक केला की बराबर येतो."

"कुणी मोजलं?"

"घड्याळ मी धरलतं. झोके आमच्या घरातल्यांनी मोजले."

"कशावर?"

अप्पा खरं बोलले. "चिंचोक्यावर."

स्टाफरूममध्ये असा हशा पिकला की बाहेरचा शिपाई डोकावून गेला. विजयसिंह सर डोळे पुसत म्हणाले, "अप्पा, अडीच सेकंद म्हंजे एक झोका अन् वर चिमूटभर. बाईनं एक झोका खाल्ला, दुसरं काय न्हाई. न्यूटनचं चुकत नसतंय बे." सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी चहाही पाजला. पण पुढे महिनाभर कुणीही अप्पांना बघितलं की विचारायचं, "काय अप्पा, आज किती चिंचोके?"

आपल्या माणसाची एक खोड असते. बाहेर मान खाली घालून ऐकलेलं घरी जाऊन मान वर करून परत करायचं. अप्पा त्या संध्याकाळी घरी आले. उमाबाई भाकरी थापत होत्या. अप्पा चप्पलही न काढता म्हणाले, "तुज्यापायी हसं झालं माजं. एक झोका खाल्लास तू. धड मोजताबी येत न्हाई तुला."

उमाबाईंचा हात परातीवर थांबला. मग त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. "बरं," म्हणाल्या. जेवणं झाल्यावर चिंचोके गोळा करून पान-सुपारीच्या जुन्या चंचीत भरले, तिची दोरी गुंडाळली आणि चंची ट्रंकेत टाकली. मंगळवारी गोळा लॅबमध्ये परत गेला. प्रदर्शनात नव्व्याण्णव पॉइंट चारचा लंबक लागला आणि त्याला दुसरं बक्षीस मिळालं, कारण अर्धा तास उभं राहून बघणारा परीक्षक अजून जन्माला यायचा आहे.

त्यानंतर एकवीस वर्षं त्यांचा संसार झाला. भांडण असं कधी झालं नाही. फक्त मोजायची वेळ आली की उमाबाई हात आखडायच्या. भाजीवाला केळी देऊ लागला की "तुमी मोजा, मला मोजता येत न्हाई." कपिलधारच्या यात्रेला बायकांबरोबर गेल्या, प्रसादाचे नारळ किती झाले कुणी विचारलं, की त्यांचं ठरलेलं, "आमच्या ह्यांनला इचारा, मला मोजता येत न्हाई." हसत म्हणायच्या. बायका हसायच्या, अप्पाही हसायचे. बायकोची एक गंमत म्हणून ते ती पाहुण्यांनाही सांगत. पाच वर्षांपूर्वी उमाबाईंची मूत्रपिंडं गेली. कॉटवर पडल्या पडल्या सकाळच्या गोळ्या अप्पांच्या तळहातावर ठेवून त्या म्हणायच्या, "मोजून द्या तुमी." शेवटच्या आठवड्यात त्या हसत नव्हत्या, तरी हे म्हणायच्या.

त्या गेल्या. तलवाड्याला समाजाच्या जागेत समाधी दिली. वर्षभरात अप्पा निवृत्त झाले. लॅब तोवर निकामी झाली होती. पोरं नावाला कॉलेजात आणि दिवसभर क्लासमध्ये, प्रॅक्टिकलच्या वह्या तयार विकत मिळायला लागलेल्या. टेबलं हलवून तिथे कॉम्प्युटर मांडले. पाच फोटो कुठल्याशा कपाटामागे गेले. अप्पांनी फॅरडे मागितला, तर "डेड स्टॉकला हाय" असं उत्तर मिळालं. पितळी गोळा मात्र कुणाच्या नोंदीत नव्हता, तो नव्या प्रमुखांनी आठवण म्हणून दिला.

एकट्या माणसाचं घर कसं असतं हे ज्याचं त्यालाच कळतं. अप्पा सकाळी इष्टलिंगाची पूजा करायचे, कपाळाला विभूती लावायचे, दोन भाकरी करायचे आणि एक खायचे. भाऊ तलवाड्याला बोलवायचा, पण तिथे सुनांच्या राज्यात म्हातारं माणूस कोपऱ्यातल्या पाट्यासारखं, लागलं तर सरकवायचं. टीव्ही लावून ठेवला की घरात बोलणं होतंय असं वाटायचं, ते बोलणं आपल्याशी नाही एवढंच. एकदा तर स्टँडवर जायला रिक्षा केली आणि अप्पांनी रिक्षावाल्याला तीन चकरा मारायला लावल्या, कारण तो बोलका होता. शेवटी एसटी स्टँडजवळच्या एका कोचिंग क्लासमध्ये त्यांनी दारातलं स्टूल पकडलं. पगार नावाला. काम म्हणजे पंखे लावणं, फळा पुसणं, टेस्टचे पेपर मोजून वर्गावर्गात देणं. पण दिवसभर कानावर माणसांचे आवाज पडायचे, आणि अप्पांना त्याचीच भूक होती.

तिथे दिपाली मॅडम फिजिक्स शिकवायच्या. तिशीच्या, चष्म्यातल्या, पोरांनी प्रश्न विचारला तर खूश होणाऱ्या. अठ्ठावीस फेब्रुवारीला विज्ञान दिन म्हणून त्यांनी सकाळचा एक तास हक्काने मागून घेतला आणि पडद्यावर जुन्या शास्त्रज्ञांच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. अप्पा दारात स्टुलावर. गॅलिलिओ आला, त्यांनी ओळखीच्या माणसाला बघावं तशी मान हलवली. मग पडद्यावर एक नकाशा आला, त्यात फोटो नव्हता.

"झाँ रिशे," मॅडम म्हणाल्या. "हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. साडेतीनशे वर्षांपूर्वी पॅरिसहून याला दक्षिण अमेरिकेत, विषुववृत्ताजवळ, कायेनला पाठवलं होतं, ग्रहांची निरीक्षणं करायला. पॅरिसला बरोबर चालणारं त्याचं लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. बिचाऱ्याने दहा महिने, दर आठवड्याला मोजलं. सेकंदाचा लंबक तिथे आखूड करावा लागत होता. किती? तीन मिलिमीटरला थोडा कमी."

स्टूल करकरलं. अप्पा उभे राहिले होते.

"परत आल्यावर लोकांना वाटलं, याच्याच मोजण्यात चूक असेल. कुणी म्हणालं, उकाड्याने दांडी वाढली असेल. पण पुढे न्यूटनने त्याच्या आकड्यांवर विश्वास ठेवला. पृथ्वी मध्यावर फुगलेली आहे आणि फिरते आहे, म्हणून विषुववृत्ताकडे तिची ओढ कमी. ती गावागावाला वेगळी असते. रिशेचं काहीच चुकलं नव्हतं."

पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, हे सिलॅबसमदी हाय का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या, आणि निम्म्या वह्या मिटल्या.

तास सुटला. पोरं धबधब्यासारखी जिन्यावरून उतरली. अप्पा पडदा गुंडाळायच्या निमित्ताने आत आले. "मॅडम, एक इचारू का? बीडला किती येतो? सेकंदाचा लंबक?"

मॅडमना गंमत वाटली. त्यांनी मोबाइलवर बीडचे अक्षांश बघितले, समुद्रसपाटीपासूनची उंची बघितली, वहीच्या मागच्या पानावर दोन ओळी मांडल्या. "नव्व्याण्णव पॉइंट एक तीन. म्हणजे एकच धरा."

"चार न्हाई?"

"चार युरोपात. जुनी पुस्तकं तिकडूनच आलेली ना. का हो अप्पा?"

"काय न्हाई," अप्पा म्हणाले. "त्या माणसाचा फोटो हाय का?"

मॅडमनी शोधला. त्यांना सापडला नाही.

अप्पांना आनंद व्हायला हवा होता. सव्वीस वर्षं जी चूक आपली म्हणून अंगावर वागवली, ती चूकच नव्हती. पण जिना उतरताना त्यांच्या डोळ्यांसमोर विजयसिंह सर आले नाहीत, स्टाफरूम आली नाही. परातीवर थांबलेला हात आला. नऊशेतला एकही झोका तिने खाल्ला नव्हता. चार रविवार, एकदाही नाही. न्यूटन कवा बीडला आलता, हे तिने बसल्या बसल्या विचारलं होतं आणि तेच खरं होतं. आणि आपण तिला म्हणालो की तुला धड मोजता येत नाही. ती एकवीस वर्षं ते रोज आपल्याला परत करत होती, आणि आपण हसत होतो.

घरी येऊन त्यांनी ट्रंक उघडली. लुगड्यांच्या तळाशी चंची होती, दोरी तशीच गुंडाळलेली. चिंचोके गुळगुळीत, एकालाही कीड नाही. मोजले. नव्वद.

दुपारी त्यांनी पाळण्याच्या कडीला दोरा बांधला, गोळ्याच्या मध्यापर्यंत नव्व्याण्णव पॉइंट एक मोजून घेतले, चटईवर बसले, ढीग डाव्या मांडीशी घेतला. घड्याळ दाबून गोळा बोटभर ओढून सोडला. एक. दोन. पंधरा-वीस चिंचोके नीट गेले. मग घड्याळावर नजर गेली आणि परत येईपर्यंत हा सातवा झोका की आठवा, ते कळेना. पुन्हा सुरू केलं. या वेळी सदतिसाव्या चिंचोक्याला शंका आली, हा टाकला की टाकायचा आहे. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडला आणि उरलंसुरलंही गेलं. तिसऱ्या वेळी त्यांनी हट्टाने गोळ्यावरून डोळा हलवला नाही. नव्वदावा चिंचोका उजवीकडे ठेवला, "झालं" म्हणाले, आणि घड्याळाकडे हात नेला. घड्याळ सुरूच केलं नव्हतं.

लंबक एकट्याने मोजता येत नाही. हे पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही.

"उमा," अप्पा समोरच्या रिकाम्या चटईला म्हणाले, "तुजं बराबर होतं. चूक माजी होती." घरात नुसता दोऱ्याचा कुरकुर आवाज येत होता. तेव्हा बोलले असते तर ती "बरं" तरी म्हणाली असती. वरातीमागून घोडं नेण्यात आपल्या माणसांचा हात कुणी धरणार नाही. अप्पा रडले, डोळ्याला पदर लावायला कुणी नसलं की माणूस रडतो तसे, मोकळे, नाक वाहेपर्यंत. गोळा कितीतरी वेळ हलत होता. तो थांबेपर्यंत अप्पा बसून राहिले, मग चिंचोके चंचीत भरले.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये टेस्ट होती. दिपाली मॅडम पेपरचा गठ्ठा घेऊन आल्या आणि नेहमीसारखा त्यांच्यापुढे धरला. "अप्पा, साठ-साठ मोजून तिन्ही वर्गांत द्या."

अप्पांनी हात पुढे केला नाही.

"तुमी मोजा, मॅडम," ते म्हणाले. "मला मोजता येत न्हाई."

मॅडम हसल्या. उमाबाईंच्या वेळीही सगळे असेच हसायचे.